भरकट्यांना जागा नाही

सुभेदारांना चालत्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. म्हणजे माणूस चालला, धावला, बसमध्ये चढला, याला त्यांची हरकत नव्हती. पण चालता चालता तो फोनवर बोलायला लागला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. एक तर कुठेतरी बसा आणि बोला, नाहीतर तोंड मिटून चाला, असं त्यांचं सरळ मत होतं. आता गंमत अशी, की ज्या मोबाइल कंपनीचे ते पगारी नोकर होते ती कंपनी नेमक्या या चालत्या-बोलत्या लोकांच्या जिवावर उभी होती. ही गंमत त्यांना कुणी सांगितली नाही. त्यांना कुणीच काही सांगत नसे, कारण ते ऐकत नसत.

सुभेदार हे अर्थातच टोपणनाव. कचेरीतले लोक ते पाठीमागे वापरत, सुभेदारांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. शहरातले सगळे टॉवर ज्याच्या हुकमात, त्याला दुसरं काय म्हणणार? टॉवरवर मात्र ते उभ्या आयुष्यात चढले नव्हते. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरच त्यांना घेरी येई. ज्यांना येत नसे, जे भर उन्हात कमरेला दोर बांधून वर जात आणि त्यांच्या टॉवरचे नटबोल्ट आवळून खाली येत, त्यांच्याबद्दल बोलताना ते ‘चढणारे’ एवढाच शब्द वापरत, आणि तोही नाक मुरडून.

त्यांचं काम समजायला तसं अवघड नाही, जरी ते अवघड आहे असा समज त्यांनी घरीदारी काळजीपूर्वक जपला होता. प्रत्येक टॉवरजवळ जागा मोजकी असते. हवेतून जाणाऱ्या बोलण्याला लागणारी जागा. ती डोळ्यांना दिसत नाही, पण संपते मात्र खरीखुरी. माणूस बोलत बोलत पुढे गेला की तो एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो, आणि तिथे त्याच्यासाठी जागा नसली तर बोलणं तुटतं. पूर्वी हे टॉवर आपापसांत ठरवत. हा म्हणे, पाहुणा पाठवतोय. तो म्हणे, घर भरलंय. त्यांची ही घासाघीस चाले तोवर पाहुण्याचं वाक्य अर्ध्यावर राही. मग नवी व्यवस्था आली. टॉवरांची अक्कल काढून घेतली आणि ती सगळी एका थंडगार खोलीतल्या एका प्रोग्रामच्या स्वाधीन केली. आता टॉवर नुसते हुकमाचे ताबेदार. कोणता फोन कुठे आहे, किती वेगानं कुणीकडे चाललाय, हे प्रोग्राम बघणार, आणि तो पोचायच्या आत पुढच्या टॉवरवर त्याची जागा राखून ठेवणार. जागा कुणासाठी राखायची आणि कुणाला वाटाण्याच्या अक्षता लावायच्या, याचे नियम मात्र माणसानं लिहायचे. तो माणूस म्हणजे सुभेदार.

त्या खोलीत गालिचा होता, भिंतभर संगणकाचे पडदे होते, आणि सुभेदारांची खुर्ची होती, जिच्यावर घरून आणलेली उशी होती. कंपनीची गाडी त्यांना सकाळी घराच्या दारातून उचले आणि सरळ रस्त्यानं कचेरीच्या दारात सोडी. संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. शहरात आणखी रस्ते आहेत हे त्यांना पडद्यावर पाहून माहीत होतं.

त्यांच्या बायकोचा धंदा अगदी याच्या उलट. ती गाडी चालवायला शिकवायची.

शिकली तीही उशिराच, मुलगा शिक्षणासाठी परगावी गेल्यावर, घर खायला उठायला लागलं म्हणून. हात बसला. मग शेजारणीला शिकवलं, शेजारणीच्या नणंदेला शिकवलं, आणि एक दिवस तिनं एक लहानशी जुनी गाडी घेतली, आपल्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि दोन्ही दारांवर स्वतःच्या हातानं शाळेचं नाव रंगवलं. अक्षरं थोडी उतरती झाली होती. तिच्याकडे येत ते मोठ्या शाळांनी ओरडून ओरडून घाबरवलेले लोक: निवृत्तीला आलेले, एकदा कुठेतरी गाडी ठोकून हाय खाल्लेले, नवरा गेल्यावर दारात नुसती उभी राहिलेली गाडी चालवावी म्हणणाऱ्या बायका. ती कुणावर ओरडत नसे. सगळे तिला ‘बाई’ म्हणत, आणि ती शाळा हीच तिची आयुष्यातली पहिली स्वतःची वस्तू होती.

बंद पडलेल्या गोदामामागच्या मैदानात ती आठचा आकडा काढायला लावी. मग रिकाम्या पिंपांच्या मधून मागे मागे. मग पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा सुरू करायची. मग बाजारातून एक फेरी, आणि परत मैदान. दिवसभर गाडी हले आणि संध्याकाळी जिथून निघाली तिथेच येऊन उभी राही. सुभेदारांना यात एक विनोद सापडला होता. “दिवसभर गाडी चालवून कुठेही न पोचणारी या जगात ही एकटीच,” असं ते घरी येईल त्याला सांगत. पहिले काही वेळा ती हसली होती.

हा सगळा धंदा फोनवर चाले. विद्यार्थी गाडी चालवी, ती शेजारी बसून पुढच्याचा फोन घेई. “बाई, मी औषधाच्या दुकानापाशी उभी आहे, येताय ना?” “आलेच, तिथेच थांबा.” एवढंच, पण त्यावर सगळं अवलंबून असे. घाबरट माणसाला कोपऱ्यावर येऊन उभं राहायलाच निम्मं धैर्य लागतं. तिथे फोनवर ‘आलेच’ ऐकू आलं नाही तर उरलेलं निम्मं गळून पडतं आणि तो सुटल्यासारखा घरी निघून जातो.

अशात सुभेदारांना वरून फर्मान आलं. लोक बसल्या जागी तासन्‌तास सिनेमे बघताहेत, जागा पुरत नाही, नवे टॉवर उभारायचे नाहीत, तेव्हा आहे त्यातूनच जागा काढा. दुसरा कुणी असता तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. सुभेदार खूश झाले. चालत्या माणसांचा हिशेब चुकता करायची संधी इतक्या वर्षांनी आयती दारात आली होती.

त्यांनी फोनांच्या वाटा काढून पाहिल्या. कोणता फोन दिवसभर कसा फिरला याची रेघ पडद्यावर उमटे. कुणाचा ते कळत नसे, नाव-नंबर झाकलेले असत. बहुतेक रेघा शहाण्यासारख्या होत्या. घरून कचेरीत, कचेरीतून घरी, सुभेदारांसारख्या. पण काही रेघांना काही धरबंधच नव्हता. उजवीकडे, डावीकडे, मागे, परत तिथेच, थांबल्या, पुन्हा निघाल्या. असा फोन पुढे कुठे जाईल हे प्रोग्रामला ओळखता येत नसे, म्हणून तो बिचारा आजूबाजूच्या चारी टॉवरांवर त्या एकासाठी जागा अडवून ठेवी. एका माणसासाठी चार घरी ताट वाढून ठेवायचं, आणि तो जेवणार एकाच घरी, तेही धड नाही! सुभेदारांना यात केवळ नासाडी दिसली नाही, उद्धटपणा दिसला. त्यांनी या लोकांना नाव दिलं ‘भरकटे’, आणि नियम लिहिला: जो सरळ जाईल त्याची जागा राखावी, भरकट्यासाठी कुठेही राखू नये. दारात आला आणि रिकामी असली तर मिळेल, नसली तर नाही.

नियम मंजूर व्हायच्या बैठकीत तक्रार विभागाच्या प्रमुख होत्या. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायचं काम, त्यामुळे बोलणं बेताचं.

“भरकटे म्हणजे नक्की कोण हो?” त्यांनी विचारलं.

“आपण कुठे चाललोय हे ज्यांना माहीत नाही ते.”

“त्यांना माहीत नाही, की आपल्या प्रोग्रामला माहीत नाही?”

सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. समोरच्याची कीव आली की ते असं करत. “मॅडम,” ते म्हणाले, “दोन्ही एकच.”

बैठकीत हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांचं मत विचारात घ्यायची पद्धतही नव्हती.

नियमाची चाचणी एका भागापुरती घ्यायची ठरली, आणि सुभेदारांनी आपलाच भाग निवडला, म्हणजे परिणाम स्वतःला पारखता येईल. पारखलाही. कंपनीच्या गाडीत मागे रेलून, घरापासून कचेरीपर्यंत, ते मेहुण्याशी त्याच्या गुडघेदुखीवर बोलत गेले. फोन एकदाही तुटला नाही. आवाज तर इतका सुरेख की गुडघ्याची कटकट सुद्धा ऐकू यावी. सरळ रस्त्यानं जाणाऱ्याची जागा राखलेलीच होती, तेव्हा तुटणार कसा? पण चाचणी घेणाऱ्यांना आपण कुठल्या रस्त्यानं गेलो हे विचारायचं नसतं, नुसता निकाल लिहायचा असतो. निकाल उत्तम लिहिला गेला.

त्याच सुमारास एका रविवारी दुपारी जेवताना बायको हसत हसत सांगत होती, “आमच्या कॅशियरबाईंनी काल उजवीकडे वळायला साफ नकार दिला. म्हणाल्या, समोरून गाड्या येतात, मी नाही कापून जाणार. मग काय, उजवीकडे जायचं असलं की आम्ही डावीकडे, परत डावीकडे, परत डावीकडे! अख्ख्या बाजाराला वळसे घातले. पण गाडी बंद पाडली नाही एकदाही. उतरताना रडल्या हो आनंदानं.”

“हं,” सुभेदार म्हणाले. ते फोनवर क्रिकेट बघत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे फोन वरचेवर तुटायला लागले. “बाई, मी औषधाच्या—” की संपलं. ती उलट लावी तोवर गाडी चढावर असे, तिथे दुसऱ्या टॉवरची हद्द, तिथेही जागा नाही. औषधाच्या दुकानापाशी उभं राहिलेलं माणूस वाट बघून घरी गेलेलं असे. एक गेलं, मग दुसरं. बाई हल्ली फोन उचलत नाहीत. उचलला तर मधेच ठेवून देतात. बाईंना आता गर्व झालाय. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. ज्या बाईनं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, तिच्याबद्दल लोक असं बोलत होते.

तिनं नवऱ्याला विचारलं. शहरातले सगळे टॉवर ज्याच्या मुठीत, तो घरातच असताना दुसऱ्या कुणाला विचारणार?

“तुझा फोन स्वस्तातला आहे,” सुभेदार म्हणाले.

तिनं महागातला घेतला. तरी तेच.

“मग बोलणारे स्वस्तातले असतील,” सुभेदार म्हणाले, आणि या वाक्यावर त्यांचा स्वतःचाच इतका जीव जडला की दुसऱ्या दिवशी कचेरीतही त्यांनी ते ऐकवलं.

तिचा नंबर उघडून बघणं त्यांच्या हातातलं काम होतं. तक्रार आली की त्या नंबरची वाट तपासायची सोय कंपनीत होतीच. पण तक्रार रीतसर यावी लागते, आणि बायकोची कुरकुर म्हणजे काही तक्रार नव्हे. शिवाय त्यांच्या मनात फोन तुटायचं कारण ठरलेलं होतं. बायकांना यंत्रं वापरता येत नाहीत, हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत होतं. गाडी हे यंत्र आहे आणि ती हिनं अर्ध्या वस्तीला शिकवली, ही अडचण त्यांच्या विचारात कधी आडवी आली नाही.

कॅशियरबाईसुद्धा गेल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांना एकच विचारायचं होतं, समोर बस आली तर काय करू. फोन लागला, तुटला, लागला, तुटला. त्या परीक्षेला गेल्याच नाहीत.

चौकात एक मोठी शाळा होती, दहा गाड्या, काचेचं दार. तिच्या मालकानं निरोप धाडला: उरलेसुरले विद्यार्थी आणि गाडी घेऊन आमच्याकडे या, तुम्हाला काउंटरवर बसवतो, ठरलेला पगार. आठवड्यानं एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “अहो, काय करू? बंद करू का? माझंच काही चुकतंय का?”

तिला काय ऐकायचं होतं हे कुणालाही कळलं असतं. एक ‘नाही गं’ पुरला असता.

“चुकतंय असं नाही,” सुभेदार समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुझा पिंडच धंद्याचा नाही. कशाला उगीच जीव काढतेस? निदान एका ठिकाणी बसशील. कुणी विचारलं बायको काय करते, तर सांगायला एक पत्ता तरी होईल.”

तिनं शाळेचा गाशा गुंडाळला. दारांवरचं नाव तिनं स्वतःच ब्लेडनं खरवडून काढलं, अंगणात उकिडवी बसून, एकेक अक्षर. सुभेदार कचेरीत जायला निघाले तेव्हा ते चालू होतं. “रंगाऱ्याला बोलवायचंस की,” ते म्हणाले, आणि गाडीत बसले.

इकडे नियमानं मोकळी केलेली जागा पाहून वरचे लोक हरखले. नियम आता शहरभर लागू करायचा होता, आणि त्याआधी सुभेदारांचा सत्कार. मोठ्या हॉटेलातला हॉल, पांढऱ्या चादरी टाकलेली गोल टेबलं, सहकुटुंब आमंत्रण. बायको चौकातल्या मोठ्या शाळेच्या काउंटरवरून परस्पर आली, साडीवर तिथला बिल्ला तसाच राहिला होता. सुभेदारांनी तो आधी काढायला लावला.

भाषणाला उभे राहिले आणि सुभेदार रंगात आले. सरळ जाणाऱ्या माणसाची त्यांनी अशी काही तारीफ केली, की बसल्या बसल्या लोकांचे कणे ताठ झाले. मग म्हणाले, “आता आपण एका भरकट्याचा दिवस पाहू.” मागचा पडदा काळा झाला. त्यावर रस्ते नव्हते, घरं नव्हती, नावं नव्हती. नुसती एक पिवळी रेघ सरकायला लागली.

रेघेनं एक आठचा आकडा काढला. मग दुसरा, जरा वेडावाकडा. मग ती मागे मागे गेली, थांबली, पुन्हा मागे गेली. लोक हसायला लागले. एका जागी ती थांबली, पुढे सरली, किंचित मागे आली, पुन्हा पुढे. “याला बहुतेक काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय,” सुभेदार म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मग रेघ सरळ निघाली आणि डावीकडे वळली. पुन्हा डावीकडे. पुन्हा डावीकडे. पुन्हा, पुन्हा. हॉल गडगडून हसला. मुख्य साहेबांनी डोळे पुसले. “बघा! आता या गृहस्थासाठी आपण चार टॉवर अडवून बसायचं! आपण कुठे चाललोय हे यालाच माहीत नाही!”

पुढच्या टेबलावर त्यांची बायको बसली होती. ती त्या रेघेकडे बघत होती. वेडावाकडा आकडा पोस्टातल्या निवृत्त मामांचा. ते चाक फार उशिरा सोडत. तो चढ पाण्याच्या टाकीचा. आणि डावीकडचे ते वळसे कुणाचे, हे या जगात दोनच माणसांना माहीत होतं. उतरताना त्यांतलं एक आनंदानं रडलं होतं.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तिनं हात वर केला. सुभेदारांना जरा अवघडल्यासारखं झालं, पण कौतुकही वाटलं. बायको चारचौघांत काही विचारते म्हणजे तिलाही अभिमान वाटत असणार.

“त्या माणसानं काय करावं?” तिनं विचारलं. “म्हणजे, ज्याचा फोन तुटतो त्यानं?”

“त्यानं?” सुभेदार दिलखुलास हसले. “त्यानं घरी बसावं.”

टाळ्यांच्या गडगडाटात ती खाली बसली.

परतताना ते गाडीत मागे शेजारी शेजारी होते. सुभेदारांच्या मांडीवर सन्मानचिन्ह होतं, आणि तोंड अजून बंद झालं नव्हतं. मुख्य साहेब काय म्हणाले, कुणी कसा हात दाबला. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, “ती मी होते.”

“कोण?”

“ती रेघ. गोदामामागचं मैदान, टाकीचा चढ, बाजार. कॅशियरबाई उजवीकडे वळत नव्हत्या तो दिवस.”

सुभेदारांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “शक्य नाही. आम्ही नावं काढून टाकतो.”

“नाव काढलंत. गाडी राहिली ना.”

“अगं पण मग तू मला सांगायचं होतंस.”

“जेवताना सांगितलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

ड्रायव्हर अगदी सरळ समोर बघत गाडी चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांनी खोलीत कुणी यायच्या आत तिचा नंबर उघडला. सगळं तिथेच होतं. चाचणी सुरू झाल्या दिवसापासून त्या पिवळ्या रेघेवर लाल टिंबं उमटायला लागली होती. प्रत्येक टिंब म्हणजे तुटलेलं बोलणं. आधी थोडी, मग इतकी की रेघ लालच दिसावी. मग रेघ दिवसेंदिवस आखूड होत गेली. आणि शेवटी रेघच नाही, नुसता एक ठिपका, चौकातल्या काचेच्या दाराशी. प्रोग्रामनं त्या ठिपक्यापुढे खूण केली होती: ‘उत्तम ग्राहक’.

सुभेदारांना वाईट वाटलं, हे खोटं नाही. नियम मागे घेता आला असता. वर जाऊन सांगायचं, काल ज्याला तुम्ही हसलात ते माझं चुकलं. ती बाई भरकटली नव्हती, तिला प्रत्येक वळण ठाऊक होतं, मीच विचारलं नाही. एवढीच वाक्यं. त्यांनी ती मनात जुळवून पाहिली, मुख्य साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, सन्मानचिन्ह आणलं, आणि हात झटकले. एवढा मोठा नियम एका माणसासाठी कसा बदलायचा? मग एका माणसासाठी जे करता येतं ते त्यांनी केलं. त्या एका नंबरला त्यांनी नियमातून सूट दिली. हे करताना त्यांचा ऊर भरून आला, आणि आपण बायकोसाठी केवढं करतो असं वाटून त्यांनी लगेच तिला फोन लावला.

“बोला,” ती म्हणाली.

“काम झालं. तुझा नंबर वेगळा काढला. आता तू कुठेही फिर, कशीही वळ. चारी टॉवरांवर तुझी जागा राखलेली असेल. कायमची.”

“आणि बाकीच्यांची?”

“बाकीचे कोण?”

“नळवाले, घरी इंजेक्शन द्यायला जाणाऱ्या सिस्टर. असतील की.”

“ते आता नाही होणार. मंजूर झालंय.” मग लगेच म्हणाले, “तुझं तर झालं ना! परत सुरू कर शाळा. मी सांगतो म्हणून.”

“गाडी त्यांच्या नावावर झाली. परवाच दुसरा रंग दिला.”

मग सुभेदारांनी धंद्यातलंच विचारलं. “फोन नीट लागतोय ना आता?”

“लागतो की. या खुर्चीत बसल्यापासून एकदाही तुटला नाही.”

तेवढ्यात तिकडे काचेचं दार उघडल्याचा आवाज आला. “एक मिनिट,” ती म्हणाली आणि तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला. सुभेदारांना एका बाईचा दबका आवाज ऐकू आला. मला गाडीची फार भीती वाटते हो, ती सांगत होती, मागच्या ठिकाणी ओरडायचे. कुणीतरी म्हणालं, इथे एक बाई आहेत, त्या शांतपणे शिकवतात. त्या तुम्हीच का?

“नाही,” त्यांची बायको म्हणाली. “मी फक्त नावं लिहून घेते.”

सुभेदार फोन कानाला लावून बसून राहिले. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.